मोहाचे मद्य

मोह : (मधुका लाँगिफोलिया, कुल-सॅपोटेसी). या वृक्षाच्या फुलांपासून आंबवण व ऊर्ध्वपातन या क्रियांनी मिळणारे मद्य. मध्य व पश्चिम भारतातील हे सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त ऊर्ध्वपातित मद्यांपैकी एक होय. महाराष्ट्रात कोकण, खानदेश, विदर्भ व सातपुड्याचा परिसर येथे ते प्रचलित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराला लागणाऱ्या मोहाच्या मद्याचा मोठा भाग तत्कालीन पनवेल तालुक्यातील उरण येथील भट्ट्यांतून येत असे. स्थानिक पिकापासून तयार होणारे, सामान्य माणसाच्या आवाक्यातील व स्वतःचा वेगळा गंध असलेले मद्य या दृष्टीने त्याची तुलना अमेरिकेतील मक्यापासून केलेल्या बर्बन व्हिस्कीशी करता येते. दोन्ही मद्यांवर सरकारी कुलुपाचा व कराचा अंमल साधारणपणे एकाच काळात दृढ झाला. परंतु त्यांची पुढील वाटचाल मात्र परस्परांहून अगदी भिन्न झाली. स्वल्पमोली मद्याचा दर्जा कशावर अवलंबून असतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

कच्चा माल : मोहाचा वृक्ष पानझडी जंगलांत वाढतो. चिकू हा त्याच्याच कुलातील होय. मार्च–एप्रिलच्या सुमारास पाने गळून गेल्यावर फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. फुलांचा पुष्पमुकुट मांसल, फिकट पिवळसर व अतिशय गोड असतो. तो रात्रीपासून पहाटेपर्यंत आपोआप गळतो आणि सकाळी झाडाखालून वेचला जातो. वेचलेली फुले उन्हात वाळविली म्हणजे मनुकांसारखी तांबूस तपकिरी होतात व बरेच महिने टिकतात. वाळलेल्या फुलांत शर्करेचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. एक टन वाळलेल्या फुलांपासून सु. ३०० ते ३५० लि. अल्कोहॉल मिळू शकते. या शर्करेचे यीस्टमुळे सरळ किण्वन होते. मका, बार्ली यांसारख्या धान्यांतील स्टार्चाचे आधी शर्करेत रूपांतर करावे लागते. मोहाच्या बाबतीत ही पायरीच नसल्याने साधी भांडी व थोडे जळण एवढ्या साधनांवरही मद्य तयार होते. मोहाच्या मद्याच्या स्वस्ताईचे हे मूळ कारण आहे.

मोहाची फुले हे केवळ मद्याचे साधन नव्हे. पनवेल, कर्जत व पेण या भागांतील कातकरी व ठाकर, तसेच उत्तर कोकणातील वारली यांच्या आहारात उन्हाळ्याच्या व टंचाईच्या दिवसांत या फुलांना महत्त्वाचे स्थान असे. ती भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून खाल्ली जात. बियांपासून निघणारे तेल खाण्यासाठी, दिव्यासाठी व साबणासाठी वापरण्यात येई. देवकार्य, लग्न व मर्तिक या प्रसंगी मोहाच्या मद्याची धार सोडण्याची चालही अनेक आदिवासी जमातींत आहे. म्हणून या फुलांवर घातलेल्या निर्बंधांचा परिणाम अन्न, व्यापार व धर्मविधी या तिन्ही क्षेत्रांवर झाला.

निर्मिती : वाळलेली फुले निवडून मातीच्या वा लाकडी भांड्यांत पाण्यात भिजत घालतात. हवामानानुसार साधारण पाच ते आठ दिवसांत किण्वन पूर्ण होते. आंबवण लवकर सुरू व्हावे म्हणून आधीच्या खेपेतील थोडा गाळ नव्या भांड्यात घालण्याची पद्धत आढळते. बर्बन करतानाही ऊर्ध्वपातनानंतर उरलेल्या आंबट द्रवाचा काही भाग नव्या लगद्यात मिसळतात. त्यामुळे लगद्याची अम्लता वाढून अनिष्ट जंतूंची वाढ रोखली जाते आणि प्रत्येक खेपेची चव सारखी राहते. दोन दूरच्या प्रदेशांतील कारागिरांनी अनुभवाने काढलेल्या या युक्त्या एकमेकींच्या जवळच्या आहेत.

आंबवण पुरे झाल्यावर ते भट्टीवर चढवितात. आदिवासींच्या घरगुती भट्टीत चुलीवरील मडक्यावर दुसरे भांडे बसवून त्याच्या तोंडावर थंड पाण्याचे पात्र ठेवतात. या पात्राच्या थंड तळाला लागलेल्या वाफेचे पाणी होऊन ते आतील लहान भांड्यात वा नळीवाटे बाहेर गोळा होते. उरणच्या भट्ट्यांत मात्र तांब्याची मोठी पात्रे वापरली जात. पहिल्या वाफेतून निघणारे मद्य सौम्य असे. ते पुन्हा ऊर्ध्वपातित केले म्हणजे तीव्र मद्य मिळे व त्याला ‘बेवडा’, म्हणजे दुहेरी काढलेले, असे नाव होते. हा शब्द पुढे मद्याऐवजी मद्यपी व्यक्तीला लावला जाऊ लागला आणि त्याचा मूळ तांत्रिक अर्थ लोप पावला. काही भट्टीवाले मसाल्याचे पदार्थ अथवा फुले घालून सुवासिक प्रकारही काढीत. मोहाचे मद्य सामान्यतः लाकडी पिपात मुरवीत नाहीत. ते रंगहीन असते व ताजेच विकले वा प्याले जाते.

उरण व पनवेल : मुंबई बंदराच्या आग्नेयीस असलेले उरण एकोणिसाव्या शतकात पनवेल तालुक्याचा एक महाल होते. हा तालुका प्रथम ठाणे जिल्ह्यात असून त्या शतकाच्या उत्तरार्धात तो कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाला. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड असे बदलण्यात आले. मिठागरे व मद्याच्या भट्ट्या हे उरणचे दोन प्रमुख व्यवसाय होते. भट्ट्या मुख्यतः पारशी व्यावसायिकांच्या मालकीच्या होत्या. उरणच्या खाडीकाठच्या परिसरात पुरेशी फुले मिळत नसल्याने ती गुजरातमधील पंचमहाल व आसपासच्या प्रदेशांतून आणली जात. मुंबईशी जवळचा जलमार्ग, व्यापाऱ्यांचे भांडवल आणि एकाच ठिकाणी भट्ट्या असल्याने सरकारी देखरेखीची सोय ही उरणच्या भरभराटीची कारणे होत. मुंबईतील गिरणी कामगार, गोदी कामगार व खलाशी हे या मद्याचे प्रमुख ग्राहक होते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीची व्यवस्था बदलली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून उत्पादन मोजक्या केंद्रांत आणण्यात आले. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या मद्यावर त्याच्या तीव्रतेनुसार गॅलनवारी कर बसविण्यात आला. यासाठी द्रवाची घनता मोजणाऱ्या द्रवघनतामापकाने तीव्रता ठरविली जाई. ब्रिटिश मापनपद्धतीत सु. ५७·१ टक्के (आकारमानाने) अल्कोहॉल असलेल्या मद्याला ‘प्रूफ’ म्हणत. देशी मद्य प्रूफपेक्षा २५ अंश किंवा ६० अंश कमी तीव्रतेचे करून विक्रीस देत. म्हणजे त्यांत अनुक्रमे सु. ४२·८ व २२·८ टक्के अल्कोहॉल असे. भारतात तयार होणाऱ्या व्हिस्कीच्या बहुतेक बाटल्यांवर आढळणारा ४२·८ टक्के हा आकडा याच जुन्या अबकारी मापाचा वारसा आहे.

मोहाच्या फुलांवरील कायदा : अधिकृत मद्य करामुळे महाग झाले, तसतसे चोरून मद्य गाळण्याचे प्रमाण वाढले. मोहाची झाडे व फुले मुबलक असलेल्या प्रदेशात ते रोखणे अवघड होते. म्हणून १८९२ च्या मुंबई मोहफूल कायद्यान्वये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांचा साठा, विक्री व वाहतूक यांवरच निर्बंध घालण्यात आले. मद्याऐवजी त्याचा कच्चा माल नियंत्रणाखाली आल्यामुळे ज्यांच्या घरी फुले अन्न म्हणून साठविली जात त्यांच्यावरही गुन्ह्याचे सावट आले. कायद्याचा उद्देश महसूल वाचविणे हा होता. पिणाऱ्याला चांगले मद्य मिळावे, हा त्याचा हेतू नव्हता. दुकानात सुटे विकले जाणारे मद्य कोणत्या भट्टीचे, कोणत्या वर्षीच्या फुलांचे व कोणत्या पद्धतीने काढलेले, हे ग्राहकास कळण्याची काहीच तरतूद नव्हती.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार १९५० मध्ये संपूर्ण राज्यात दारूबंदी लागू झाली आणि मोहाच्या मद्याचे कायदेशीर उत्पादन थांबले. पुढे बंदी शिथिल होऊन १९७३ च्या महाराष्ट्र देशी मद्य नियमांनुसार परवानाधारक देशी दारू पुन्हा बाजारात आली. परंतु ती मुख्यतः साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध अल्कोहॉलमध्ये पाणी व स्वाद मिसळून केलेली होती. ‘देशी’ हे नाव कायम राहिले. मात्र मोहफुलांशी असलेला त्याचा संबंध तुटला. मोहाचे मद्य हातभट्टीत व आदिवासी पाड्यांत उरले.

बर्बन व्हिस्कीशी तुलना : बर्बन ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः केंटकी राज्यात तयार होणारी व्हिस्की होय. मका हे तेथील स्वस्त व विपुल पीक असल्याने बर्बन मुळात शेतकऱ्यांचे व सामान्यांचे पेय होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेही भेसळ बोकाळली होती. साध्या अल्कोहॉलमध्ये रंग व अर्क मिसळून ते जुनी व्हिस्की म्हणून विकले जाई. याविरुद्ध एडमंड हेन्स टेलर यांच्यासारख्या उत्पादकांनी केलेल्या प्रयत्नांमुळे १८९७ मध्ये सरकारी कुलुपातील मद्यासंबंधीचा कायदा झाला. त्यानुसार एकाच उत्पादकाने एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीखालील गोदामात निदान चार वर्षे ठेवलेली व ५० टक्के अल्कोहॉल असलेली व्हिस्कीच विशिष्ट शिक्का लावून विकता येऊ लागली. बाटलीवर उत्पादकाचे नाव देणे बंधनकारक झाले. १९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर ‘व्हिस्की’ कशाला म्हणावे हा वाद थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेला. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी निर्मळ व मिश्र अशा व्हिस्कींच्या बाटल्यांवर तसे वेगवेगळे उल्लेख असावेत असा निर्णय दिला.

आजच्या नियमांनुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात मक्याचे प्रमाण किमान ५१ टक्के असावे लागते. उरलेला भाग राय किंवा गहू व मोड आणलेली बार्ली यांचा असतो. ऊर्ध्वपातनाच्या वेळी तीव्रता ८० टक्क्यांपेक्षा आणि पिपात भरताना ६२·५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. मद्य आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिपात मुरवावे लागते. त्यात रंग वा स्वाद मिसळता येत नाही, व बाटलीतील तीव्रता किमान ४० टक्के असते. किमान दोन वर्षे मुरलेल्या व अन्य निकषांत बसणाऱ्या बर्बनला ‘स्ट्रेट’ म्हणतात. ती चार वर्षांपेक्षा कमी मुरलेली असल्यास वय बाटलीवर छापणे आवश्यक असते. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला.

या नियमांमुळे स्वस्त बर्बन व महाग बर्बन यांमधील अंतर बरेच मर्यादित राहते. जिम बीम, एव्हन विल्यम्स यांसारख्या कमी किमतीच्या बर्बनलाही धान्य, पीप, तीव्रता व निर्मळता यांचे तेच नियम लागू असतात. वय, पिपांची निवड, अल्पसंख्य बाटल्या व नावाची प्रसिद्धी यांमुळे किंमत वाढते. पण मूलभूत गुणांची हमी सर्वांत खालच्या पायरीपासून मिळते. उरणच्या भट्ट्यांवरही सरकारी कुलूप, पहारेकरी व मोजमाप होते. परंतु तेथील कुलूप केवळ कराचे राखण करी. केंटकीतील कुलूप १८९७ पासून कराबरोबर पिणाऱ्याच्या विश्वासाचेही राखण करू लागले. दोन्हींच्या पुढील इतिहासातील फरकाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

भारतात मात्र बर्बन स्वस्त नाही. तिच्यावरील सीमाशुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणण्यात आले. त्याशिवाय राज्याचे उत्पादन शुल्कही भरावे लागते. त्यामुळे केंटकीत मजुराला परवडणारी बाटली महाराष्ट्रात चैनीची वस्तू ठरते. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या बंदरातून परदेशी माल देशात येतो. ज्या किनाऱ्यावरून एके काळी स्थानिक मद्य मुंबईस जात असे, त्याच किनाऱ्यावर आता परदेशी मद्याची आयात होते.

गुणपरीक्षण : मद्याची पारख किमतीवरून न करता रंग, गंध, चव व घोटानंतर रेंगाळणारी चव या चार अंगांनी करतात. परीक्षणासाठी तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता असा लहान प्याला सोयीचा असतो. प्रथम मद्य तसेच हुंगून नंतर थोडे स्वच्छ पाणी घालतात. पाण्यामुळे अल्कोहॉलचा झोंबणारेपणा कमी होऊन इतर गंध मोकळे होतात; अनुभवी परीक्षक पुष्कळदा २० ते २५ टक्क्यांपर्यंत सौम्य करून गंध घेतात. नाव व किंमत झाकून केलेले परीक्षण अधिक विश्वसनीय ठरते. कारण महाग बाटलीची अपेक्षा जिभेवर परिणाम करते.

बर्बनचा तांबूस सोनेरी रंग केवळ पिपातून येतो. जळलेल्या ओकमुळे व्हॅनिला, भाजलेली साखर, नारळ व दालचिनी यांची आठवण करून देणारे गंध मिळतात. मक्यामुळे गोडवा, रायमुळे मिरमिरीत तिखटपणा व गव्हामुळे मृदुपणा येतो. स्वस्त बर्बनचे सामान्य दोष म्हणजे कच्च्या धान्याचा वास, पिपात कमी मुरल्याने राहिलेला उग्रपणा व लाकडाचा तुरटपणा. फार वर्षे मुरलेली बर्बन चांगलीच असते असे नाही. नव्या पिपात अधिक काळ राहिल्यास लाकडाचा कडवटपणा इतर गुणांना झाकून टाकतो. चार ते सहा वर्षांच्या अल्पमोली बर्बनला पुष्कळ परीक्षक पसंती देतात त्याचे हे एक कारण आहे.

मोहाचे मद्य मुरविलेले नसल्याने त्यात फुलाचा व भट्टीवाल्याच्या हाताचा गुण थेट उतरतो. चांगल्या मद्यात फुलांचा मधुर, किंचित दमट व मनुकांसारखा गंध असतो. ते पाण्यासारखे स्वच्छ असून जिभेवर गोलसर लागते. फुले बुरशी आलेली असल्यास कुबट वास येतो. आंबवण लांबल्यास शिरक्याची आंबट छटा उतरते. आच तीव्र झाल्यास गाळ तळाशी लागून करपट व धुरकट वास येतो. भट्टीतून प्रथम व शेवटी निघणारे भाग वेगळे न काढल्यास मद्य घशाला झोंबते. मधला भाग तेवढा राखण्याचे भान हेच कुशल भट्टीवाल्याचे लक्षण होय. अशा मद्याचे मोल बाटलीच्या देखणेपणावर नसून फुलांची निवड, संथ आच व योग्य वेळी भांडे बदलणे या तीन गोष्टींवर ठरते.

तीव्रता ओळखण्याच्या काही लोकपद्धती आहेत. मद्य हलविल्यावर उठणारे बुडबुडे किती वेळ टिकतात हे पाहणे, किंवा ते पेटवून पाहणे या त्यांपैकी होत. या पद्धतींनी अल्कोहॉलचे प्रमाण स्थूलपणे कळते. पण मद्य सुरक्षित आहे की नाही हे मुळीच कळत नाही. मिथिल अल्कोहॉल हा विषारी पदार्थही तसाच जळतो आणि त्याचा रंग, वास व चव यांवरून तो ओळखता येत नाही.

भेसळ व सुरक्षितता : नीट आंबवून गाळलेल्या मोहाच्या मद्यात मिथिल अल्कोहॉलचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. सामूहिक मृत्यूंच्या घटनांमागे बहुधा तीव्रता वाढविण्यासाठी अथवा स्वस्त पडावे म्हणून मिसळलेले औद्योगिक मिथिल अल्कोहॉल असते. शरीरात त्याचे फॉर्मिक अम्लात रूपांतर होऊन दृष्टी जाते व मृत्यूही ओढवतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा विषारी दारूने १०० हून अधिक बळी घेतले. मृतांत बहुसंख्य कष्टकरी होते. परवडणारे व ज्याच्या निर्मितीची जबाबदारी कोणा नामनिर्दिष्ट उत्पादकावर आहे असे मद्य उपलब्ध नसले, म्हणजे गरीब ग्राहक अशा अनामिक बाटलीकडे वळतो. शुद्ध मद्याचेही अतिसेवन यकृत, हृदय व मज्जासंस्था यांना घातक असते. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास कायद्याने परवाना लागतो व तीव्र मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे.

सद्यःस्थिती : अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये मद्यार्कयुक्त पेयांची मानके जाहीर केली, त्यांत मिथिल अल्कोहॉलसह अपायकारक घटकांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. गोव्यातील काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. त्यामुळे एका स्वस्त स्थानिक मद्याला कायदेशीर व्याख्या व प्रतिष्ठा लाभली. मध्य प्रदेशाने २०२१ नंतर मोहाच्या मद्याला वारसा मद्य मानून आदिवासी स्वयंसहाय्य गटांमार्फत त्याचे उत्पादन सुरू करण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठा व वाहतूक यांवरील जुने निर्बंध शिथिल केले. त्यामुळे फुले वेचणाऱ्यांना ती उघडपणे बाळगता व विकता येऊ लागली.

मोहाच्या मद्याला पुन्हा दर्जा मिळावयाचा, तर त्याच्या व्याख्येत मोहफुलांचे किमान प्रमाण, बाहेरील अल्कोहॉल व स्वाद यांस मज्जाव, ठरावीक तीव्रता, उत्पादकाचे नाव आणि फुलांचा प्रदेश यांचा समावेश आवश्यक ठरेल. बर्बन व फेणी यांच्या अनुभवावरून असे दिसते, की अशा नियमांनी मद्य महाग होतेच असे नाही. उलट कमी किमतीत काय मिळते हे ग्राहकास निश्चित कळते. उरणच्या भट्ट्यांचा व्यवसाय इतिहासजमा झाला असला, तरी त्यांचे मद्य ज्या फुलांपासून होत असे ती कर्नाळा व माथेरानच्या पायथ्याच्या जंगलांत दर उन्हाळ्यात आजही गळतात, आणि ती वेचणारे हातही तेथेच आहेत.